पुरानंतर मदत आणणाऱ्यांनी हिशोब कुणाला द्यायचा?

वाशिष्ठीकाठ | १८ मे, रात्री ९.४०

मे सरत आला की आमच्या चिपळूणच्या बाजारात खालच्या फळीवरचा माल वर चढायला लागतो. २६ जुलै २००५ ने ही सवय लावली आणि २२ जुलै २०२१ ने ती अंगात मुरवली. वाशिष्ठी आणि शिवनदी एकदम चढल्या, त्यात खाडीला भरती. झोपेतून उठून लोक माळ्यावर गेले ते अंगावरच्या कपड्यांनिशी.

पूर का आला यावर इथे पुष्कळ लिहून झालंय. मला बोलायचंय ते पाणी ओसरल्यावर येणाऱ्या गाड्यांबद्दल.

माझी मावशी तळमजल्यावर राहते. तिसऱ्या दिवशी तिच्या घरात गुडघाभर चिखल होता. प्लायवूडचं कपाट फुगून घट्ट बसलेलं, दार उघडेना, आणि आत तिच्या लग्नापासूनचे कागद. दारात टेम्पो थांबला. टी-शर्ट घातलेला एक चांगला मुलगा उतरला आणि तिच्या हातात पिशवी दिली: बिस्किटं, नूडल्स, टूथपेस्ट, दोन मेणबत्त्या, एक टॉवेल. मावशीने विचारलं, "बाळा, घमेलं आणि फावडं आहे का रे?" त्याने हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "मावशी, ते यादीत नाही."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्याकडे तशाच चार पिशव्या झाल्या. फावडं मिळालं ते खेर्डीहून आलेल्या एका गवंड्याकडून, उसनं.

त्या मुलाचा राग नाही. घरदार सोडून तो आमच्या चिखलात उतरला, त्याचं ऋण आहेच. पण यादी कुणी केली? करताना आमच्यापैकी कुणाला विचारलं का? आणि काम संपल्यावर त्या संस्थेने किती आणलं, कुठे वाटलं, किती उरलं हे देणगीदाराला कळवलं असेलच, आम्हाला कोण सांगणार? पाऊस यायला तीन आठवडे आहेत. या वेळी संस्था आल्या तर त्यांच्याकडून आपण काय मागायचं, कसं मागायचं, हे आताच ठरवता येईल का? अनुभव लिहा.

---

अळूचं_फदफदं | १८ मे, रात्री १०.०५

यादी कुणी केली! अगदी हेच. आमच्याकडे शेगडी आली होती, सिलिंडर नाही.

---

गांधारीतीर | १८ मे, रात्री १०.५२

महाडकर. आमच्याकडे सावित्री आणि गांधारी दोन्ही. माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. पुरात त्यांची सगळी पुस्तकं गेली. चौथ्या दिवशी एका संस्थेची माणसं आली, खोका दिला आणि म्हणाली, बॅनर धरून एक फोटो. गुरुजींनी नकार दिला नाही, कारण घरात खरंच काही नव्हतं. पंधरा दिवसांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दुबईहून फोन आला, "सर, तुमचा फोटो पाहिला, तुम्ही ठीक आहात ना?" चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस त्या दिवशी फोन ठेवून मागच्या पडवीत जाऊन बसला. मी पाहिलंय.

माझी मागणी साधी आहे. फोटो काढण्याआधी विचारा, आणि "नको" म्हटलं तरी खोका मिळेल हे तोंडाने सांगा. नुसतं विचारून भागत नाही. भुकेला माणूस "नको" म्हणत नाही.

---

दर्यावर्दी | १८ मे, रात्री ११.३०

थोडा विरोध करतो. २०२१ च्या त्या पहाटे आमच्या खाडीकाठची पोरं होड्या घेऊन शहरात शिरली. कुणी बोलावलं नव्हतं. एका होडीत एक बाळंतीण, तिचं मूल आणि दोन म्हातारे. तेव्हा नियमावली काढून बसलो असतो तर माणसं गेली असती. हिशोब, परवानगी, पावती हे सगळं लादत गेलात तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही. उत्साहाने येणाऱ्याला वकिलासारखे प्रश्न विचारू नयेत.

---

वाशिष्ठीकाठ | १८ मे, रात्री ११.४८

@दर्यावर्दी, त्या होड्यांना माझा दंडवत. पण तुम्ही सांगताय ती सुटका, मी म्हणतोय ते वाटप. जीव वाचवायच्या वेळी कुणी पावती मागत नाही. तिसऱ्या दिवसापासून पुढचे तीन महिने मात्र लोकांच्या नावाने पैसा गोळा होतो. तिथे विचारायला हवं. आणि तुमच्या पोरांना कुठल्या गल्लीत म्हातारी माणसं आहेत ते माहीत होतं, म्हणून ती नेमकी तिथे पोचली. बाहेरच्या गाडीला ते माहीत नसतं, म्हणून तिने विचारायचं.

---

आकडेमोड | १९ मे, सकाळी ८.१५

मी अशाच एका संस्थेत अकरा वर्षं काम करते. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. आतली बाजू सांगते, पटो न पटो.

किटची यादी आधीच ठरलेली असते, कारण माल आधीच घेऊन गोदामात ठेवलेला असतो. पूर म्हणजे बिस्किटं, भूकंप म्हणजे ताडपत्री, असे ठोकताळे. देणगीदार विचारतो "किती कुटुंबांपर्यंत पोचलात?" म्हणून आम्ही कुटुंबं मोजतो. "जे दिलं ते उपयोगी पडलं का?" असं विचारलं असतं तर आम्ही ते मोजलं असतं. वरून काही निधींना तीन महिन्यांची मुदत असते, ती संपायच्या आत खर्च दाखवायचा. मग घाईत जे सहज मिळतं तेच विकत घेतलं जातं.

हे सगळं जगाला ठाऊक नाही असं नाही. १९९४ मध्ये रवांडातून पळालेली माणसं गोमा शहराजवळच्या छावण्यांत आली, तिथे पटकीने हजारो मेली. मदतीला संस्था भरपूर होत्या, पण कुणाला पाणी किती द्यायचं, शौचालयं किती लागतात, याचा मेळ नव्हता. त्या धक्क्यातून १९९७ मध्ये संस्थांनीच एकत्र येऊन 'स्फिअर' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याच्या हस्तपुस्तिकेत किमान मर्यादा लिहिल्या आहेत. पिण्या-वापरायला मिळून माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. २०१४ मध्ये मदतसंस्थांसाठीचं 'कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड' आलं, त्यात नऊ वचनं आहेत आणि २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा लिहिली. त्यातलं एक वचन असं की संकटात सापडलेल्या माणसाला तक्रार करता आली पाहिजे आणि तिची दखल घेतली गेली पाहिजे.

म्हणजे वाशिष्ठीकाठ जे मागतायत ते बहुतेक मोठ्या संस्थांनी स्वतःहून कबूल केलेलं आहे. तुम्ही उपकार मागत नाही, त्यांचाच शब्द त्यांना आठवण करून देताय. आमच्या कार्यालयात ती पुस्तिका कपाटात असते. गावातून कुणी तिचं नाव घेतलं तर ती टेबलावर येईल, हे मी अनुभवाने सांगते.

---

खालची_पेठ | १९ मे, सकाळी ९.०२

@आकडेमोड, प्रामाणिक लिहिलंत. एक प्रश्न. तक्रार करायची कुठे? आमच्या किटवर फोन नंबर छापला होता. लावला तर बंद. आठवडाभर बंद.

---

आकडेमोड | १९ मे, सकाळी ९.२०

बरोबर आहे तुमचं. नंबर छापणं सोपं, तो उचलायला माणूस बसवणं खर्चाचं. त्या माणसाचा पगार "प्रशासकीय खर्च" म्हणून कापला जातो. देणगी देताना लोक अभिमानाने सांगतात की आमचा रुपयान् रुपया थेट गरजूंपर्यंत गेला पाहिजे. मग विचारपूस करणारा, मोजणारा, फोन उचलणारा माणूस कुठून आणायचा? हे देणाऱ्यांनीही समजून घ्यायला हवं.

---

सातबारा | १९ मे, दुपारी १.३५

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, अनेक पुरांचे पंचनामे या हातांनी केले. संस्थांचं झालं, आता कायद्याचं सांगतो, कारण लोकांना हे माहीत नसतं.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितलं आहे आणि राष्ट्रीय प्राधिकरणाने ते २०१६ मध्ये काढले. मदत छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला निदान तीन लिटर पिण्याचं पाणी, तीस माणसांमागे एक शौचालय, मोठ्या माणसाला २,४०० कॅलरी अन्न. विधवा आणि अनाथ यांच्यासाठी वेगळी तरतूद. हे निकष सरकारी छावणीला आहेत, पण खाजगी संस्थेने छावणी चालवली तरी हाच कागद तिच्यासमोर ठेवा. त्याच कायद्याचं कलम ५३ वाचा. आपत्तीतल्या मदतीचा पैसा किंवा सामान लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कलम ५२ खोटा दावा करून मदत घेणाऱ्याला. म्हणजे देणारा आणि घेणारा, दोघांनाही.

दुसरं, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. बाहेरून येणाऱ्या संस्थेने तहसील कार्यालयात आधी येऊन सांगायचं की आम्ही अमुक गावात अमुक वाटणार. सांगितलं तर आम्ही म्हणू शकतो, तिथे तीन जण गेलेत, तुम्ही खाडीपलीकडे जा. माझ्या नोकरीत दहातल्या दोन गाड्या कळवून आल्या असतील. बाकीच्या थेट हायवेवर.

पंचनाम्याबद्दल लोक आमच्यावर रागावतात, त्यातला काही राग रास्त आहे. २०२१ ला शासनाने घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला दहा हजार रुपये दिले, दुकानदाराला नुकसानीचा पाऊण हिस्सा, पण जास्तीत जास्त पन्नास हजार. भाड्याच्या गाळ्यात बसणारा, ज्याच्याकडे भाडेकरार नाही, लायसन्स नाही, त्याचं कागदावर काहीच बुडालं नव्हतं. एक चप्पल शिवणारे काका माझ्यासमोर हात जोडून उभे होते. त्यांची पेटी, हत्यारं, चामडं, सगळं वाहून गेलं. मला लिहायला रकाना नव्हता. अशा माणसांसाठीच संस्था हव्यात. सरकारी रकान्यात न बसणारा माणूस त्यांनी शोधायचा. पण त्या तर रेशनकार्डाची झेरॉक्स मागतात!

---

शेवटचा_स्टॉप | १९ मे, दुपारी ३.१०

@सातबारा, तुमच्या शेवटच्या वाक्यावर थांबलो.

आमची वाडी एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून आणखी दोन किलोमीटर आत. त्याच्याही पुढे नदीच्या अंगाला कातकऱ्यांची बारा झोपडी. पुरात झोपड्या गेल्या, कोंबड्या गेल्या, मासे धरायची जाळी गेली. मुख्य गावात तीन संस्थांची मदत पोचली, कारण रस्ता तिथवर. कातकरी बाया पायी गावात आल्या तेव्हा त्यांना सांगितलं, यादीत नाव नाही, रेशनकार्ड दाखवा. त्यातल्या निम्म्यांकडे कार्ड नव्हतंच, ज्यांच्याकडे होतं त्यांचं नदीत गेलं.

यादी कुणी केली हे मला माहीत आहे. गावातल्या दोन पुढाऱ्यांनी, चहा पिता पिता. संस्थेला वाटलं, स्थानिकांना विचारलं, काम झालं. "गावाला विचारा" म्हणणं सोपं आहे. गाव म्हणजे कोण? वरची वाडी, खालची वाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, धनगरवाडा, कातकरवाडी. प्रत्येक ठिकाणी वेगळं जाऊन बसायला हवं. आणि सर्वांत शेवटी राहणाऱ्याकडे आधी.

---

गांधारीतीर | १९ मे, दुपारी ३.२५

@शेवटचा_स्टॉप +१. हा मुद्दा धाग्यात सर्वांत वर हवा.

---

घाटमाथा_ते_खाडी | १९ मे, संध्याकाळी ५.००

मुळात कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीत येतं, गाळ साचलेला, पूररेषेत बांधकामं, हायवेचा भराव. हे सोडवलं तर मदतच लागणार नाही. संस्थांवर वेळ कशाला घालवता? २०२१ ला धरणातून पाणी किती आणि कधी सोडलं यावर...

---

दर्यावर्दी | १९ मे, संध्याकाळी ५.१२

सोडलं म्हणून पूर की पाऊसच तेवढा? त्या दिवशी डोंगरात किती पडला ते पण सांगा.

---

घाटमाथा_ते_खाडी | १९ मे, संध्याकाळी ५.२०

पाऊस होताच, पण नदीचं पात्र वर आलंय त्याचं काय? बाजारपुलाखाली उभं राहून बघा.

---

व्यवस्थापक | १९ मे, संध्याकाळी ६.४५

कोयना, गाळ आणि पूररेषेवर आधीचा धागा उघडा आहे, तिकडे जरूर लिहा. हा धागा मदतकार्यापुरता ठेवूया.

---

गावची_आशा | १९ मे, रात्री ९.१५

मी आशा कार्यकर्ती. रोज वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय.

पूर ओसरला की आमचं खरं काम सुरू होतं. विहिरी उपसायच्या, टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकायची, घरोघर फिरून ताप कुणाला आहे ते बघायचं. आपल्याकडे लेप्टोचा ताप आहे. उंदराच्या मुतातून पाण्यात येतो, पायाला चीर असली की शिरतो. चिखलात अनवाणी काम करणाऱ्याला गमबूट द्या, हातमोजे द्या. मला तरी एकाही किटमध्ये गमबूट दिसले नाहीत.

औषधांचं शिबिर एका संस्थेने घेतलं. डॉक्टर शहरातले, मनाने चांगले. पण गोळ्या सुट्या पाकिटात, वर नाव नाही. दुसऱ्या दिवशी एक आजी माझ्याकडे आल्या, हातात चार पुड्या, "यातली साखरेची कुठली ग?" मला सांगता येईना. शिबिर उठून गेलेलं. त्यांनी आरोग्य केंद्रात एक यादी ठेवली असती, कुणाला काय दिलं, तर आम्ही पुढे बघितलं असतं. पाहुणे परत गेल्यावर पेशंट आमच्याकडेच येतो ना.

आणि एक बायकांचं. टेम्पोच्या मागे उभं राहून तरुण मुलं पॅडची पाकिटं वाटत होती. गावातली एक बाई पुढे गेली नाही. संस्थेने लिहून टाकलं असेल की इथे गरज नव्हती. मी दोन मुलींना घेऊन तीच पाकिटं शाळेच्या खोलीत ठेवली आणि निरोप दिला, अर्ध्या तासात संपली. गावात आधी आम्हाला भेटा. आशा, अंगणवाडी सेविका, बचतगट. आम्हाला घरं माहीत असतात.

---

अळूचं_फदफदं | १९ मे, रात्री ९.३०

ताई, लिहीत राहा. हे कुठल्या अहवालात येणार नाही.

---

रंकाळा | १९ मे, रात्री १०.२०

कोल्हापूरहून. २०१९ च्या पुरात आमच्या गावाला कोकणातून टेम्पो आला होता, आजही आठवण काढतो. तांदूळ, कोकम, आणि पोतंभर सुके बोंबील. आमची आळी सगळी माळकरी! आजीनं बोंबलाच्या पोत्याला लांबून नमस्कार केला आणि पलीकडच्या आळीला पाठवलं. तिकडून बदल्यात कांदे आले. दोन्ही आळ्यांत आठवडाभर हसत होते.

मग २०२१ ला आम्ही चिपळूणला भाकऱ्या पाठवल्या, तेव्हा आधी फोन केला. काय लागेल? समोरच्यानं सांगितलं, भाकरी नको, जनरेटरवर चालणारा पाणी उपसायचा पंप आणा. आम्ही दोन पंप आणि सहा पोरं पाठवली. भाकऱ्या पण पाठवल्या, राहवलं नाही.

---

वाशिष्ठीकाठ | १९ मे, रात्री १०.३१

@रंकाळा, तुमच्याकडच्या भाकऱ्या आमच्या आळीतही आल्या होत्या. मिरचीच्या ठेच्यासकट. विसरणार नाही. आणि तो एक फोन, तेवढंच मागणं आहे.

---

दर्यावर्दी | १९ मे, रात्री १०.४०

पूर उतरल्यावर आमच्या पडवीत खाडीतला हा एवढा मोठा शिंगाळा मासा सापडला. आजी म्हणाली, बॅनर न लावता आलेली ही एकच मदत.

---

खालची_पेठ | २० मे, सकाळी ७.५०

हसलो. आता माझं दुखणं.

माझं किराणा दुकान. २०२१ ला सगळा माल गेला, कर्ज काढून पंधरा दिवसांत पुन्हा उभं केलं. पहिल्याच महिन्यात गिऱ्हाईक नाही, कारण घराघरांत फुकटचा तांदूळ, तेल, साखर, सगळं बाहेरून आलेलं. मदत आली याचं वाईट वाटत नाही, माझ्या घरीही आली. पण पहिला आठवडा सोडला तर पुढचा माल इथूनच विकत घ्या ना. किंवा लोकांच्या खात्यात पैसे टाका, ज्याला घमेलं हवं तो घमेलं घेईल, ज्याला औषध तो औषध. आमची पेठही उभी राहील.

---

सातबारा | २० मे, सकाळी ८.४०

पैसे देण्याला माझा विरोध नाही, पण ज्या घरात पैसा दारूवर जातो तिथे काय? बाईच्या हातात पडेल याची हमी कोण देणार?

---

गावची_आशा | २० मे, सकाळी ८.५८

काका, बाईच्या खात्यात टाका. बहुतेकींची खाती आता आहेत. आणि दारू पिणारा तांदूळही विकून पितो, मी पाहिलंय.

---

आकडेमोड | २० मे, सकाळी ९.३०

दोघांचंही खरं आहे. पैसे देणं आता जगभर चालतं, पण बाजार चालू आहे का, बँक उघडी आहे का, हे आधी बघावं लागतं. चिपळूणला पहिल्या आठवड्यात बाजारच चिखलात होता, तेव्हा पैसे देऊन उपयोग नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खालची_पेठ म्हणतात तसं वळायला हवं होतं. आम्ही वळलो नाही. गोदामातला माल संपवायचा होता. मी त्या बैठकीत होते आणि मी गप्प बसले. आज इथे लिहितेय ते म्हणूनच.

---

भंगसाळ | २० मे, सकाळी ११.१५

मी कुडाळचो. आमच्याकडे भंगसाळ नदी, तिकडे बांद्याक तेरेखोल. बाजारात पाणी इला तरी बाहेरची मदत आमच्यापर्यंत कमीच पोचता, बातमी होयना म्हणान. मदत घेवक कोणाक आवडता? पण चूल पेटत नसली की माणूस रांगेत उभो रवता. तेका उन्हात, पावसात दोन तास उभो करू नको. टोकन द्या, वेळ सांगा. म्हाताऱ्याक घरी नेऊन द्या. ह्या काय मोठा मागणा नाय.

---

दर्यावर्दी | २० मे, दुपारी १२.०५

काल मी विरोध केला होता, आज थोडा बदल. काल रात्री आमच्या पोरांशी बोललो. त्यांचंच म्हणणं, आमच्या मंडळाने पुरानंतर वर्गणी गोळा केली, डिझेल, ताडपत्री घेतली, पण कुणी विचारलं तर दाखवायला कागद नाही. गावात कुजबुज झाली, दोन मुलं त्यामुळे मंडळ सोडून गेली. चोख काम करून संशय पदरी आला. हिशोब लिहिला असता तर तो त्यांचाच बचाव होता. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

---

सातबारा | २० मे, दुपारी १२.४०

@दर्यावर्दी, नेमकं. आणि नोंदणी नसलेल्या मंडळांनी लोकांकडून पैसे गोळा करताना धर्मादाय आयुक्तांना कळवायची तरतूद आहे, ती पाळा. नंतर त्रास होत नाही.

---

शेवटचा_स्टॉप | २० मे, दुपारी २.२०

सगळ्यांचं वाचून एक सुचवतो. फळा. शाळेचा काळा फळा किंवा भिंतीवर काळा रंग. गावात जिथे सगळे जातात तिथे एक, आणि कातकरवाडीत, बौद्धवाडीत वेगळा. संस्थेने आल्यावर खडूने लिहायचं: आम्ही कोण, काय आणलं, किती नग, कुणाला आणि कोणत्या निकषाने देणार, पुन्हा येणार की नाही, भेटायला माणूस कोण. जाताना लिहायचं: किती वाटलं, किती उरलं, उरलेलं कुठे नेलं. खाली रिकामी जागा, तिथे लोकांनी लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी संध्याकाळी एकदा मोठ्याने वाचून दाखवायचं, शाळेतली पोरं वाचतील.

ॲप नको. पुरात वीज नसते, रेंज नसते. खडू भिजला तर कोळसा.

---

आकडेमोड | २० मे, दुपारी २.४५

यावर एक भर घाला: "पुढच्या भेटीत तुमच्या तक्रारीचं काय झालं ते इथेच लिहू." तक्रार घेऊन गप्प बसण्यापेक्षा न घेतलेली बरी.

दुसरं, मी आमच्या कार्यालयात हा धागा छापून देणार आहे. तुमची टोपणनावं काढून. चालेल का? नाही म्हणालात तरी राग नाही.

---

गांधारीतीर | २० मे, दुपारी ३.०५

चालेल. फक्त गुरुजींचा मजकूर देऊ नका. त्यांना न विचारता मी इथे लिहिलं, हेही आता चुकलं असं वाटतंय.

---

गावची_आशा | २० मे, दुपारी ४.३०

माझं छापा. औषधाच्या पुड्यांवर नाव लिहायचं तेवढं ठळक करा.

---

वाशिष्ठीकाठ | २० मे, रात्री ८.५५

मावशीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फळ्यावर सर्वांत वर लिही, यादी करायच्या आधी दार वाजवा."

आमच्या आळीच्या मारुतीच्या देवळाच्या मागची भिंत छपराखाली आहे. २०२१ चं पाणी कुठवर आलं त्याची रेघ तिच्यावर अजून आहे, फळा तिच्या वर घ्यावा लागेल. ट्रस्टींची परवानगी आज मिळाली. डबाभर काळा रंग आणून ठेवलाय. आशाताई, पेठवाले, जे जवळ आहेत त्यांनी रविवारी सकाळी आठला या.

---

खालची_पेठ | २० मे, रात्री ९.१०

येतो. खडूचे दोन बॉक्स दुकानातून आणतो, प्लास्टिकच्या बरणीत.

---

दर्यावर्दी | २० मे, रात्री ९.२२

शिडी आहे का? त्या रेघेच्या वर पोचायचं तर लागेल. आमच्या होडीवरची आणतो.